तागावरचा तो पांढरा ठिपक्यांचा पतंग कोण, आणि त्याच्यावर औषध मारायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सुप्याकडच्या माळाला लागून दोन एकर ताग टाकलाय, हिरवळीच्या खतासाठी. दिवस मावळताना बांधावरनं चाललं की गवतातनं बारीक पांढरी पाखरं उडतात, अंगावर लाल-काळे ठिपके, रात्री तीच ओट्यावरच्या बल्बवर पण येतात, एक चिमटीत धरलं तर त्यानं मानेजवळनं पिवळसर फेस काढला, आणि आता तागाच्या पानांवर काळ्या-पांढऱ्या-केशरी केसाळ अळ्या दिसायला लागल्यात. तर हे काय आहे, फेस विषारी आहे का, आणि दुकानदार सांगतोय ते औषध मारायचं का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तुम्ही पंप भरून बसला असाल. मारू नका. हिरवळीचा ताग आपण पेरल्यापासून ४५-५० दिवसांत, फुलोरा धरायला लागला की गाडतो, तोपर्यंत ह्या अळीनं दहा पानं खाल्ली काय नि वीस खाल्ली काय, तिची लेंडी पण तुमच्याच रानात पडतेय ना. जे पीक तुम्ही स्वतःच नांगराखाली घालणार आहात ते वाचवायला औषधाचे पैसे घालायचे ह्यात मला तरी हिशोब दिसत नाही. बियाण्यासाठी तुकडा राखून ठेवणार असाल तर गोष्ट वेगळी, ती खाली सांगतो. (आणि ताग म्हणजे आपला बोरू, पिवळ्या फुलांचा, बंगालचा ज्यूट नव्हे. शहरातली मंडळी इथे हमखास घोळ घालतात म्हणून लिहून ठेवलं.)

आता पाखरू कोण. हा युटेथाइसा नावाच्या गटातला पतंग. ह्याच्यातली पुल्चेला ही जात लिनियसनं, म्हणजे शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञानं, १७५८ सालीच नोंदवलीय, लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ होतो छोटीशी सुंदर, आणि नाव अगदी बरोबर ठेवलंय. इंग्रजीत क्रिमझन स्पेकल्ड म्हणतात. मराठीत ह्याला सगळीकडे चालेल असं एक नाव मी तरी ऐकलं नाही, आमच्याकडे ठिपक्याचं पाखरू म्हणतात, तेच वापरतो. टायगर मॉथच्या कुळातला आहे. पंख पसरले तर तीन-चार सेंटीमीटर, पण बसल्यावर त्याहून कितीतरी बारीक दिसतो कारण बसताना पंख पसरून किंवा छपरासारखे टाकून बसत नाही, अंगाभोवती गुंडाळून घेतो, लांबून बघाल तर गवताच्या काडीला कोणी पांढरी बिडी अडकवलीय असं वाटतं. पुढचे पंख दुधी पांढरे, त्यावर काळे बारीक ठिपके आणि लाल ठिपके आलटून पालटून, मागचे पंख पांढरे नि कडेला वाकडीतिकडी काळी किनार.

एक सावधगिरी. आपल्याकडे ह्याचीच सख्खी बहीण म्हणावी अशी लोट्रिक्स नावाची दुसरी जात पण सापडते आणि दोघी इतक्या सारख्या दिसतात की मोबाईलच्या फोटोवरनं छातीठोकपणे ही पुल्चेलाच असं सांगणाऱ्याचं मी फार मनावर घेत नाही. तुमच्या कामासाठी फरक पडत नाही, दोघींचा संसार खुळखुळ्यावरच चालतो (खुळखुळे म्हणजे तागाचेच माळावरचे रानटी भाऊबंद, वाळली की शेंग खुळखुळते ते). तिसरं एक पाखरू मात्र खरंच वेगळं ओळखता आलं पाहिजे, नारिंगी रंगाचं, काळे ठिपके नि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. ते अर्जायना. त्याची अळी पण तागावर आणि खुळखुळ्याच्या शेंगांवरच असते, आणि लोक अळी एकाची नि फोटो दुसऱ्याचा असं करून पाठवतात. नारिंगी पाखरू दिसलं असेल तर तसं सांगा.

रात्रीचं का दिवसाचं, हा गोंधळ तुमचाच नाही, सगळ्यांचाच होतो. दिवसा दिसतं ते आपण पाय ठेवला म्हणून उठलेलं पाखरू, पाच-दहा फूट वेडंवाकडं उडणार, परत गवतात उतरणार नि बिडी होऊन बसणार. इतका भडक पतंग दिवसाढवळ्या उघड्यावर बसतो म्हणून लोकांना वाटतं फुलपाखरू असेल. पण त्याचं लग्नकार्य सगळं अंधार पडल्यावर. मी गेली वीस-बावीस वर्षं माळावर पडदा लावून बसतोय, म्हणजे दोन काठ्यांना पांढरी चादर बांधायची, समोर यूव्हीचा दिवा, नि मोज्यातली कुसळं काढत बसायचं, तर हा पतंग साधारण अंधार दाटला की यायला लागतो आणि चादरीवर आला तरी इतर पतंगांसारखा भिरभिर करून डोकं फिरवत नाही. येतो, बसतो, पंख गुंडाळतो. पाल फिरत असेल चादरीवर तरी ह्याला घाईच नसते. ती घाई का नसते हीच ह्या पाखराची सगळी गोष्ट आहे.

आधी आयुष्य कसं चालतं ते सांगतो. मादी फिकट पांढरट, गोल, खसखशीपेक्षा थोडी मोठी अंडी पानाच्या खालच्या अंगाला घालते, कधी झुबक्यानं कधी सुटी. पावसाळ्याच्या उबेत चार-पाच दिवसांत अळी बाहेर. पहिले काही दिवस ती पान खरवडते नुसतं, मोठी झाली की पान कुरतडते, आणि शेंगा धरल्या की बरोबर शेंगेत घुसते. अंग काळपट राखाडी, पाठीवरनं पांढरा पट्टा, प्रत्येक वळ्यावर केशरी-लाल आडवा डाग, अंगावर विरळ केस. केस बघून घाबरू नका, शेवग्यावरच्या सुरवंटानं अंगाची आग होते तसला प्रकार ह्याच्यात नाही. दोन-तीन आठवड्यांत अळी पोसते मग खाली उतरते आणि वाळलेल्या पाल्यात, दगडाच्या आडोशाला, गवताच्या बुडाशी पातळसं जाळं विणून तपकिरी कोष करते. त्यातनं आठवड्या-दीड आठवड्यात पाखरू. म्हणजे हवामान चांगलं असेल तर महिना-सव्वा महिन्यात एक पिढी, आणि जून ते दिवाळीपर्यंत पिढ्यांवर पिढ्या.

खाणं काय तर ताग, माळावरचे सगळे खुळखुळे, आणि खुळखुळा नसेल तर भुरुंडी, छोटा कल्पा असल्या झाडांवर पण चालवून घेते. ही यादी नीट बघा. खुळखुळा आहे शेंगवर्गातला, भुरुंडी नि छोटा कल्पा वेगळ्याच कुळातले, दिसायला एकमेकांशी काही संबंध नाही. पण ह्या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे, पायरोलिझिडीन नावाचं विष. इतकं अवघड नाव परत परत लिहीत नाही, नुसतं विष म्हणतो. अळी पान ओळखते ते झाडाच्या कुळावरनं नाही तर ह्या विषावरनं. आपण जसं वासावरनं हॉटेल शोधतो तसं. आणि पानापेक्षा बीमध्ये ते जास्त साठलेलं असतं, म्हणून तर शेंगा धरल्या की अळीला पानात रस राहत नाही.

खुळखुळ्यानं हे विष बनवलं कशासाठी तर कोणी खाऊ नये म्हणून. जनावरानं खाल्लं की ते पोटातनं यकृतात जातं, आणि यकृत ते निकामी करायला म्हणून बदलायला जातं तिथेच घात होतो, बदललेला पदार्थ मूळ विषापेक्षा घातक निघतो नि तिथल्याच पेशी जाळतो. म्हणजे बाटली उघडणारा हातच भाजतो असं समजा. ऑस्ट्रेलियात किंबर्ली भागात घोडे हे खाऊन भ्रमिष्टासारखे चालत सुटायचे, त्या आजाराचं नावच तिथे वॉकअबाऊट पडलं, तोही खुळखुळ्याचाच प्रताप. आणि प्रयोगशाळेत उंदरांच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब मुद्दाम वाढवायचा असेल तर आजही खुळखुळ्यातलंच मोनोक्रोटालीन टोचतात. इतकं खात्रीचं विष.

मग अळी मरत का नाही? तर टायगर मॉथच्या कुळात ह्यासाठी एक खास एन्झाइम आहे, पहिल्यांदा सापडलं ते युरोपातल्या सिनाबार नावाच्या लाल-काळ्या पतंगात. अळीच्या रक्तात विष शिरलं की हे एन्झाइम त्याला ऑक्सिजनचा एक अणू चिकटवून टाकतं, त्या रूपात ते अळीला काही करत नाही आणि अंगात साठवूनही ठेवता येतं. ज्यानं अळीला खाल्लं त्याच्या आतड्यात मात्र तो ऑक्सिजन निघून जातो नि विष परत जागं होतं. मला विचाराल तर सगळ्या कीटकशास्त्रात ह्याच्यापेक्षा हुशार तिजोरी नाही. अळीचं विष कोषात जातं, कोषातनं पाखरात जातं, आणि ते लाल-काळे ठिपके म्हणजे तिजोरीवर लावलेली पाटी. लपायची गरजच नाही उलट दिसलं पाहिजे. चादरीवर बिनघोर बसतो तो ह्या जिवावर.

ह्यावरचं सगळ्यात झकास काम झालं अमेरिकेत, आपल्या पाखराच्या तिकडच्या चुलतभावावर, ऑर्नाट्रिक्स नावाच्या जातीवर. कॉर्नेल विद्यापीठाचे थॉमस आयसनर आणि त्यांचे रसायनशास्त्रज्ञ सहकारी जेरॉल्ड माइनवाल्ड, फ्लोरिडातल्या आर्चबोल्ड संशोधन केंद्राच्या परिसरात ह्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं ह्या एका पतंगावर घालवली. आयसनरच्या लक्षात काय आलं तर तिकडच्या मोठ्या सोनेरी जाळ्याच्या कोळ्याच्या जाळ्यात हा पतंग पडला की कोळी धावत येतो, पायानं चाचपतो, आणि मग एकेक धागा तोडून त्याला अलगद मोकळा करतो. कोळी! जो जाळ्यात पडलेलं सोडत नाही तो स्वतःच्या हातानं जाळं कापून पाहुण्याला वाटेला लावतो. मग त्यांनी काय केलं, अळ्यांना लहानपणापासून खुळखुळ्याऐवजी राजम्यासारख्या घेवड्याचं खाणं दिलं, त्यात विष नाही. पाखरं बाहेर आली तेव्हा दिसायला तशीच, तेच ठिपके तोच रंग, पण जाळ्यात टाकली की कोळ्यानं फस्त. म्हणजे नुसत्या पाटीनं भागत नाही, तिजोरीत माल लागतो.

ह्याच्यापुढचा भाग मी शाळेत पोरांना सांगतो तेव्हा मागच्या बाकावरची पण गप्प होतात. अंधार पडला की मादी एका जागी बसून पोटाच्या टोकातनं वास सोडते, तो पण सलग नाही, झटक्याझटक्यानं, सेकंदाला दीडेक वेळा, दिवा मिचकावल्यासारखा. नर वाऱ्यावर तो वास धरून येतो. आला की मादीभोवती घिरट्या घालताना पोटाच्या टोकातनं दोन केसाळ कुंचले बाहेर काढतो नि तिच्या अंगावरनं फिरवतो. त्या कुंचल्यांवर जे अत्तर असतं, हायड्रॉक्सीडॅनायडाल, ते नर त्याच खुळखुळ्याच्या विषापासून बनवतो. ज्यानं लहानपणी जास्त विष खाल्लं त्याचं अत्तर दांडगं, ज्यानं घेवडा खाल्ला त्याच्याकडे अत्तरच नाही नि मादी त्याला सहसा उभं करत नाही. आपल्याकडे मुलगा बघायला गेल्यावर शेती किती, पगार किती विचारतात, इथे वासावरनं सातबारा कळतो.

आणि ती उगाच विचारत नाही. मीलनात नर बीजाची जी पिशवी देतो ती त्याच्या वजनाच्या साधारण दहा टक्के, त्यात बीजाबरोबर पोषण असतं आणि विष पण. सत्तर किलोच्या माणसानं सात किलोचा आहेर द्यावा असा हिशोब. त्यामुळे जोडी तासन् तास जुळलेली राहते, दहा-बारा तास सुद्धा. तुम्हाला सकाळी गवतावर दोन पाखरं शेपटाला शेपूट लावून दिसली असतील तर ती आदल्या रात्रीची जोडी. बिनविषाची वाढवलेली मादी सुद्धा असा नर भेटला तर जोडी सुटल्यासुटल्याच कोळ्याला नकोशी होते, इतक्या झटपट तो आहेर अंगी लागतो. मग ती हे विष अंड्यांना वाटते, आपलं थोडं नि नराकडनं मिळालेलं थोडं, म्हणून मुंग्या, ढालकिडे, क्रायसोपा नावाच्या शिकारी किड्याच्या अळ्या ह्या अंड्यांच्या फार वाटेला जात नाहीत. मादी आयुष्यात चार-पाच नरांशी जुळते, नि त्यातल्या मोठ्या नराचंच बीज पुढे वापरते, बाकीच्यांचा नुसता आहेर घेते. २००२ मध्ये ह्याच गटानं दाखवलं की मोठा नर आवडायचा की नाही ही आवड मुलीला आईकडनं नाही तर बापाकडनं मिळते, कारण पतंगांत आपल्यापेक्षा उलटं असतं, दोन वेगळी लिंग-गुणसूत्रं मादीकडे असतात आणि त्यातलं झेड नावाचं तिला फक्त बापाकडनं येतं.

हे सगळं अमेरिकेतल्या जातीवर झालेलं काम आहे हे विसरू नका, आपल्या जातीचा प्रत्येक बारकावा तसाच असेल असं मी म्हणणार नाही. पण विष खाणं, साठवणं, फेस काढणं, भडक रंग, ही कुळाची रीत दोन्हीकडे एकच.

ह्या गोष्टीला एक काळी बाजू पण आहे. ज्या अळीला विष कमी पडलं ती दुसऱ्यांची अंडी आणि कोष खाते, स्वतःच्याच जातीची, नि त्यातही जास्त विषाची निवडून. बाहेरच्यांना जे विष दूर ठेवतं तेच घरच्यांना ओढून आणतं. म्हणून पोसलेली अळी कोष करायला शेंगेपासून, झाडापासून लांब, पाल्यात जाऊन लपते हे मला पटण्यासारखं वाटतं.

आता तुमचा फेस. तो फेस म्हणजे पाखराचं रक्तच, मानेच्या दोन्ही अंगांनी हवेचे बुडबुडे मिसळून बाहेर काढलेलं, आणि त्यात ते विष असतंच. पण बोटाला लागलं म्हणून काही होत नाही. माझ्या बोटांना इतक्या वर्षांत अगणित वेळा लागलाय. हात धुवा, डोळ्याला लावू नका, आणि लहान पोरांना पाखरू तोंडात घालू देऊ नका, झालं. कोंबडीनं एखादं पाखरू टिपलं तर एकदा टिपेल आणि परत त्या रंगाच्या नादाला लागणार नाही बहुतेक.

माणसाला खरी भीती पाखराची नाहीच, बियांची आहे. हे मात्र गांभीर्यानं घ्या. १९७५-७६ मध्ये सरगुजा जिल्ह्यात, तेव्हाचा मध्य प्रदेश आत्ताचं छत्तीसगड, लोकांची पोटं पाण्यानं फुगायला लागली, यकृतं सुजली. तपासात निघालं की ते खात होते त्या गोंदलीत, म्हणजे आपल्या वरई-कुटकीच्या जातीतल्या बारीक धान्यात, खुळखुळ्याच्याच एका रानटी जातीचं बी मिसळलेलं होतं. ६७ जण आजारी पडले त्यातले २८ गेले. त्याच सुमारास अफगाणिस्तानात हेरात प्रांतात दुष्काळानंतर गव्हात भुरुंडीच्या जातीचं बी आलं, तिथे ७२०० लोक तपासले तर १६०० च्या आसपास लोकांच्या यकृतावर परिणाम दिसला. दोन्हीकडे कारण एकच, पाऊस बिघडला, पीक विरळ आलं नि तण जोरात आलं, आणि भुकेच्या पोटी कोणी निवडत बसलं नाही. तेव्हा तुमच्या रानात बाजरीत, वरईत खुळखुळा उगवत असेल तर कापणीआधी उपटा, आणि तागाचं बियाणं नि खायचं धान्य एका कणगीत, एका चाळणीत आणू नका. वाळलेल्या खुळखुळ्याचा भारा गुरांपुढे टाकू नका. उभं झाड गुरं सहसा टाळतात पण कडब्यात मिसळून गेलं तर तीही फसतात.

बियाण्याच्या तुकड्याचं सांगायचं राहिलं. तिथे शेंगा वाचवायच्यात, म्हणून फुलोऱ्यापासून आठवड्यातनं दोनदा चक्कर मारा. लहान अळ्या पानाच्या खाली असतात तेव्हाच ते पान खुडून टाका, दोन-चार गुंठ्यांसाठी माणसाचा हात पुरतो. जास्तच झालं तर ५ टक्के निंबोळी अर्क, तोही संध्याकाळी आणि अळी शेंगेबाहेर असेपर्यंत, एकदा आत घुसली की वरनं काहीही मारा, तुमचं औषध शेंगेच्या सालीला आणि पैसे दुकानदाराला. हरभऱ्यात घाटेअळीसाठी पक्षीथांबे लावतो तसे इथे लावून फार भरवसा ठेवू नका, कारण आत्ता वाचलंत ना, पक्ष्याला ही अळी गोड लागत नाही. ह्यांच्यावर जगणाऱ्या परोपजीवी माश्या असतात त्या तुमच्यासाठी काम करतात, आणि सरसकट फवारणीत पहिल्या मरतात त्या त्याच. आमच्या ओळखीच्या एकानं एका वर्षी सलग दोन फवारण्या मारल्या, अळी गेली, मग मागनं जी आली ती विचारूच नका, आणि शेजारच्या तूरवाल्यानं त्याच्याशी बोलणं टाकलं.

तुमच्या बांधापलीकडच्या माळाबद्दल दोन गोष्टी बोलतो कारण पाखरू मुळात तिथलं आहे, तुमच्या तागात ते पाहुणं म्हणून आलंय. सरकारी कागदावर ह्या जमिनीला पडीक म्हणतात. पण तिथे बघा, पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं, आणि त्यांच्या मधेमधे खुळखुळ्याची बुटकी, जमिनीसरपट, उभी अशी किती प्रकारची झाडं. जगात खुळखुळ्याच्या सहा-सातशे जाती सांगतात, आणि आपल्या घाटमाथ्यापासून सोलापूरच्या माळांपर्यंत त्यातल्या बऱ्याच भेटतात. भाद्रपदात वाळक्या शेंगांवर टायगर आणि क्रो जातीची फुलपाखरं नुसती चिकटलेली असतात, फुलावर नाही, वाळक्या देठावर नि शेंगेवर. ती पण तोच माल न्यायला आलेली असतात, नरांना अत्तर त्यापासूनच बनवायचं असतं. म्हणजे माळावरचा हा एक तणवजा झुडपाचा ठेला किती जणांचं दुकान चालवतो बघा.

अशा माळावर कोणी येऊन चर खणून ग्लिरिसिडियाची, म्हणजे बाहेरनं आणलेल्या झाडाची, रोपं लावतं, फोटो काढतं नि हिरवाई केली म्हणून जातं. सावली पडली की खुळखुळा पहिला जातो, मग हे पाखरू. दुसरा घात वणव्याचा. माघ-फाल्गुनात नवं गवत चांगलं फुटतं म्हणून काडी लावतात, नि तेव्हा पाल्यात, गवताच्या बुडाशी जे काही कोष असतील ते त्यातच जातात. धनगर मंडळींशी ह्यावर मी तासन् तास बोललोय, त्यांचं म्हणणं सगळं खोटं नाही, कुसळी फार झाली तर मेंढरांच्या डोळ्यात जाते. पण एका वर्षी एक तुकडा जाळला तर दुसरा राखा इतकं तरी होऊ शकतं, आणि चराईचा माळ हा पूर्ण बंद केलेल्या माळापेक्षा ह्या पाखराला जास्त मानवतो असं माझं मत झालंय, कारण गवत छातीएवढं झालं की खुळखुळा दबतो.

पाखरू लांबचा पल्ला पण मारतं बरं का. पुल्चेला आफ्रिका, दक्षिण युरोप, पश्चिम आशिया ते भारत असा पसरलेला आहे आणि वाऱ्याची साथ मिळाली की दक्षिणेकडनं थेट इंग्लंडच्या किनाऱ्यापर्यंत पोचतो, तिकडचे लोक एका पाखरासाठी गाडी काढून शंभर मैल जातात. तुमच्या ओट्यावर फुकट येतंय. त्यामुळे एखाद्या वर्षी ढिगानं दिसतील नि पुढच्या वर्षी नावाला नाही, म्हणून लगेच संपले किंवा फार झाले असा निष्कर्ष काढू नका.

एक काम करा. ताग गाडायच्या आधी बांधाकडेची एक ओळ राहू द्या, दहा-पंधरा फूट पुरे. शेंगा वाळल्या की कानाजवळ धरून हलवा. भरलेली शेंग खुळखुळते. एखादी मुकी निघाली की फिरवून बघा, बारीक गोल भोक असेल आणि आत बी ऐवजी लेंडीचा भुगा. भोक दिसलं तर शेंग तोडून काचेच्या बरणीत ठेवा, तोंडाला फडकं बांधून, थोडा वाळका पाला टाकून, आणि पाखरू बाहेर आलं की पंख पसरलेला फोटो पाठवा, नर असेल तर पोटाच्या टोकाचा पण, मग पुल्चेला का लोट्रिक्स ते बघता येईल का पाहू.